बेडु की बेडा

मालुबाईला कीर्तन म्हणजे जीव की प्राण. खासबागेतल्या आपल्या घरी बोरगावच्या शांतवनअण्णांचं ख्रिस्ती कीर्तन ठेवायचं, ही हौस तर तिची होतीच. पण या खेपेला मनात दुसरंही काही होतं. रविवारी नातीचा, आरोहीचा बाप्तिस्मा ठरला होता आणि सून तेजस्वी अडून बसली होती.

चूक मालुबाईचीच. पोरीनं मऊ भाताचा घास थुंकला, तेव्हा ती हसत बोलून गेली होती, "आदामाचं रक्त गं, नाही म्हणायलाच शिकणार." तेजस्वी धारवाडकडची, कानडी ख्रिस्ती घरातली. देवाला नाही म्हणणाऱ्या पहिल्या माणसाचं, आदामाचं पाप जन्मतःच प्रत्येकात उतरतं आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ते धुतलं जातं, ही शिकवण तिलाही ठाऊक होती, पण तिच्या ते जिव्हारी लागलं. माझ्या लेकीनं पाप केलेलं नाही, मग धुवायचं काय, असं तिनं नवऱ्याला ठणकावलं होतं.

अण्णांच्या कानावर हे घातलेलं होतं. पूर्वरंगातच त्यांनी सुनेसाठी म्हणून कानडी पद धरलं. मालुबाई डोळे मिटून डोलत होती. "कृपे बेडाऽ मनवे, कृपे बेडाऽ..." तान लांबली आणि कानडी बायका पदराआड खुसखुसू लागल्या. पेटीवरच्या भरमूचीही बोटं अडखळली.

तेजस्वीला हसू आवरेना. "अण्णा, बेडु म्हणा. बेडु म्हणजे माग. बेडा म्हणजे नको."

म्हणजे एवढा वेळ अण्णा कृपा नको म्हणून आळवत होते. सगळी बैठक हसली, अण्णा सगळ्यांत जास्त.

"एवढीशीच मात्रा चुकली बघ आक्का," ते तेजस्वीला म्हणाले. "आदामाचीबी अशीच चुकली. तवापासनं आपल्या सगळ्यांच्या जिभंला बेडाचं वळण."

तेजस्वीचं हसू मावळलं. "माझ्या लेकीला तर अजून बोलताच येत न्हाय."

अण्णांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"खरं हाय. बेडा न्हाय म्हणाली, बेडुबी न्हाय म्हणाली. मग तिला दूध का पाजतीस?"

"का म्हणजे? माझी हाय ती."

"व्हय की. कृपा तीच. वळण आदामाचं असंल, पोर देवाचंच. तिनं काय केलंय म्हणून पाणी न्हाय घालत, मागायच्या आधीच तिला धरलंय म्हणून घालतात. पुढं बेडु म्हणायचं का बेडा, ते तिचं ती ठरवंल. तिथं देव जबरदस्ती करत न्हाय, मग तुझी सासू कोण?"

बायकांच्या माना मालुबाईकडं वळल्या. ती लाजून चूर झाली. पण बरं वाटलं तिला. रविवार हातचा गेला तरी चालेल, पोरीला पुन्हा असं बोलायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

अण्णांनी पद पुन्हा उचललं. तेजस्वी मांडीवरच्या आरोहीला थोपटत बराच वेळ ऐकत राहिली. मग सासूच्या कानाशी वाकली.

"आत्ती, रविवारी पाणी कोमट ठेवा म्हणून सांगा पाळकसाहेबांना. हिला सर्दी लवकर होते."

"त्यांना कशाला?" मालुबाई डोळे पुसत कुजबुजली. "मी घरनंच थर्मास भरून नेते की."