लेबल खरवडलेली तबकडी

एग्बर्टच्या बायकोचं नाव शेवटी रेडिओवर घेतलं गेलं. पण या गोष्टीपुरतं ते घेतलंच गेलं नाही, असं धरून चालू.

किंग्स्टनमधल्या एका पत्र्याच्या गल्लीत एग्बर्ट दर शनिवारी कपाटाएवढे स्पीकर लावून नाच भरवायचा. गल्लीची गाणी रेडिओला चालत नसत, म्हणून गल्ली आपली गाणी अंगणातच ऐकायची. बायको गायची. एकदा तरी रेडिओवर आपलं नाव ऐकायचं, एवढीच तिची हौस.

स्पर्धक स्पीकरवाल्याला गाणं कुणाचं ते कळू नये, म्हणून या धंद्यात तबकडीचं लेबल खरवडून टाकतात. शुक्रवारी दुपारी एग्बर्टनं सवयीनं बायकोच्या गाण्याच्या तबकडीचंही खरवडलं. अक्षरं अखंड निघाली, जमिनीवर पडली आणि कोंबडीनं टिपली. त्याच घटकेला तिचं नाव चर्चच्या वहीतून गेलं, तिच्या आईच्या तोंडूनही गेलं.

"अहो, हाक मारा बघू."

एग्बर्टनं तोंड उघडलं. नाव घ्यायला लागतो तेवढा वेळ काहीच आलं नाही.

"खरवडताना डोळे कुठे ठेवले होते?"

"सवय गं."

"सवय! त्यापेक्षा करपलेलं पातेलं खरवडलं असतं तर पुण्य लागलं असतं."

शनिवारी तबकडी लावली. नावाबरोबर प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्राही निघून गेली होती. तिथे भोक होतं. लोकांचा पाय भोकावर अधांतरी थांबे आणि पलीकडे पडे. असा नाच गल्लीनं कधी केला नव्हता. नाच बंद पाडायला पोलीस आले. हवालदारानं धरायच्या माणसांची यादी उघडली, पहिल्या नावाला तोंड वासलं, तर तिथेही भोकच, आणि तोही तालात खांदे हलवू लागला. बायको तळलेली मासळी खात पोट धरून हसत होती.

सोमवारी रेडिओचा माणूस आला.

"गाणं वाजवतो. गायिका कोण?"

"ही."

"ही म्हणजे कोण?"

अख्ख्या गल्लीनं तोंड उघडलं.

"बिननावाचं वाजवत नाही. सरकारी कागद आणा."

बायकोनं खाल्लेल्या मासळीचे काटे ताटात ठेवले आणि एग्बर्टकडे नुसतं पाहिलं. एग्बर्ट तिथेच स्पीकरवर कागद ठेवून लिहायला बसला:

'मा. भूमापन अधिकारी यांस. या गल्लीत आमच्यापैकी कुणाच्याही नावे जागा नाही. तरी सदर तबकडीत पहिल्या मात्रेच्या ठिकाणी पडलेली मोकळी जागा मोजून माझ्या पत्नीच्या नावे कायम करून मिळावी. पत्नीच्या नावाचा रकाना कोरा आहे. तो आपल्या कार्यालयाने भरावा, शिक्का मारावा व एकवार मोठ्याने वाचून दाखवावा, ही नम्र विनंती.'