दोन डाव्या बाह्या

"पाय वर घेऊन बस गं मास्तर. दोन दिवस कात्रीला हात लावायचा नाही," असं म्हणून बुटकीने मला बाल्कनीतल्या खुर्चीत ढकललं आणि स्वतः आत पळाली. शनिवारी सकाळपासूनची ही चौथी वेळ. मला बसवायचं, हातात चहा द्यायचा आणि गायब व्हायचं.

पाच तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली ती काही समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला नव्हे. आम्हा दोघींचं शिवणकामाचं दुकान. बावीस वर्षं मी कापलं, तिने शिवलं. तिने कधी कात्री धरली नाही आणि मी मशीनवर बसले नाही, म्हणून तिच्या तोंडी मी मास्तर. दीड वर्षापूर्वी मुलाने आणि सुनेने तिला या शहरात आणलं, आता आराम करा म्हणाले. तेव्हापासून मी तीन शिवणाऱ्या बदलल्या. एकीलाही धड कॉलर बसवता येत नव्हती. दुकानाची जागा ठेवायची की सोडायची, हे सोमवारी मालकाला सांगायचं होतं. बुटकी परत येणार असेल तरच ठेवण्यात अर्थ होता. तिने आरामाला बोलावलं होतं, पण मी आले होते एवढंच विचारायला, आणि बाई एका जागी टेकायला तयार नव्हती.

जेवताना विषय काढला तर तिने ताटात आणखी वाढलं. दुपारी बागेत नेलं, तिथे तिच्या ओळखीच्या तिघी भेटल्या. संध्याकाळी तळ्यावर.

"जरा बसशील का बुटके? बोलायचंय."

"बसू की. आधी ते कारंजं बघ!"

कारंजं बंद होतं. माझं डोकं सणकलं.

रविवारी सकाळी सून माहेरी गेली आणि मी बुटकीचा हात धरला. "आता हललीस तर बघ."

ती पलंगावर बसली, आणि एकदम रडायलाच लागली. मग उठून गादीखालून एक पुडकं काढलं. आत बिनबाह्यांचा कोट होता, सुबक शिवलेला.

"सूनबाईचा आहे. उद्या ऑफिसात घालायचाय तिला."

"बाह्या कुठायत?"

तिने त्या माझ्यापुढे ठेवल्या आणि जमिनीकडे बघत राहिली. दोन्ही डाव्या. कापड एकाच बाजूने तुकतुकीत होतं. अशा कापडावर दुसरी बाही कापताना मापाचा कागद उलटा करून ठेवायचा असतो, तो हिने तसाच ठेवला होता. शिकाऊ पोरींनासुद्धा मी हे पहिल्या दिवशी सांगते.

"म्हणून बोलावलंस होय मला? आराम कर, आराम कर म्हणून डोकं खाल्लंस, आणि हे गादीखाली!"

"तुला बोलावलं तेव्हा हे घडलंच नव्हतं गं. बुधवारी बिघडलं. कालपासून सांगायचं म्हणतेय, तुझं तोंड बघून धीर होईना."

"मग सुनेला सांगायचंस."

"कसं सांगू? ती मला पाण्याचा ग्लास उचलू देत नाही. दीड वर्ष नुसती बसून आहे मी. महिनाभर मागे लागले तेव्हा हे एक काम दिलं तिने."

खरं तर हीच वेळ होती. 'चल परत' म्हटलं असतं तर ती त्या क्षणी पिशवी भरायला उठली असती. पण समोर बिघडलेलं कापड पडलेलं असताना मला दुसरं काही सुचत नाही.

"उरलेले तुकडे आण," मी म्हटलं. "आणि कात्री."

उजवी बाही अखंड निघेना. दोन तुकडे जोडून मनगटाच्या वर शिवण घेतली, मग डावीलाही तसाच जोड दिला, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसावं. मी कापत होते, ती शिवत होती. दुपारपर्यंत आम्ही एकमेकींना वाकडं बोलत होतो आणि दीड वर्षात मला इतकं बरं वाटलं नव्हतं. त्याचाच जास्त राग आला.

सून आली, कोट घालून आरशासमोर तीनदा वळली.

"आई, या बाह्या किती वेगळ्या झाल्यात! खालच्या मजल्यावरच्या दोघींनाही शिवून हवंय, विचारत होत्या. पण कापायचं काय? ते दुकानात मावशी करायच्या ना?"

बुटकीचा चेहरा उतरला. 'मला नाही जमत' एवढे तीन शब्द तिच्या ओठांवर आले होते. मी गप्प बसले असते तरी पुरलं असतं.

"मी कुठली कापतेय?" मी म्हटलं. "सगळं हीच करायची. मी नुसती गिऱ्हाइकांशी भांडायला होते."

"मग सांगते त्यांना," सून म्हणाली, आणि फोन घेऊन आत गेली.

बुटकी मला थांब्यावर सोडायला आली. वाटेत मी तिला कागद कसा उलटायचा ते तीनदा सांगितलं. आधी खडूने खूण कर, मगच कात्री लाव. ती मान डोलवत होती.

"तुला काहीतरी विचारायचं होतं ना कालपासून?"

"झालं आता ते."

"मास्तर, खरंच विचार ना."

बस आली. मी चढले, खिडकीशी बसले आणि मागे वळून पाहिलं. ती थांब्यावरच उभी होती, ओठ हलवत, आणि रिकामा तळहात हवेत उलटा करून बघत होती, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.