पाचवा दगड

सुनावणीत माझा नंबर चौथा होता आणि ओहोटीत काठाच्या भिंतीचे तीनच दगड पाण्याबाहेर आले होते. पाचवा दगड उघडा पडल्याशिवाय आमचा उतार दिसत नाही. हे मी झोपेतही सांगेन, कारण त्या उताराच्या डोक्यावरच आमचं दुकान आहे. बाबा होड्या दुरुस्त करतात. फुटकी होडी त्या दगडी उतारावरून दोरीने वर ओढायची, बरी झाली की तिथूनच परत पाण्यात सोडायची. उतार गेला की दुकान गेलं. मग बाबा घरी बसून पंख्याची पाती मोजणार.

आणि तो उतार घालवायला मीही हातभार लावला होता. आमचं शहर म्हणजे एक बेट, चहूबाजूंनी पाणी, पण काठावर गाड्याच गाड्या. पाणी बघायचं तर दोन बंपरांच्या फटीतून. मग नवा आराखडा आला: गाड्या बंद, झाडं, बाकं, पाण्यापर्यंत रुंद पायऱ्या, फक्त चालणाऱ्यांसाठी. मी नाचलेच! वक्तृत्वात पहिली आल्यापासून माझ्या तोंडाला तसंही कुलूप नव्हतं. वर्गावर्गात जाऊन पाठिंब्याच्या एकशे बारा सह्या आणल्या. नंतर पालिकेने शाळेत त्या आराखड्याचं मॉडेल मांडलं. मी आधी आमचं दुकान शोधलं. ते होतं, खोडरबराएवढं. त्याच्यापुढे सलग पायऱ्या. उतार नव्हताच.

बाबांनी अर्ज केला. उत्तर आलं, ‘सर्वेक्षणात असा उतार आढळला नाही.’ मग दोन साहेब पाहणीला आले आणि त्यांनाही पाणीच दिसलं. आम्ही फोटो दिले, तर म्हणाले, फोटो कुठलाही असू शकतो. आज हरकतींचा शेवटचा दिवस. पाच वाजता त्या नोंदवायची वही बंद.

“तूच सह्या गोळा केल्यास ना?” सकाळी बाबा म्हणाले होते. “आता बस त्या पायऱ्यांवर, भेळ खात.” आणि पाठ फिरवून निघून गेले. सुनावणीलाही आले नाहीत. “मला नाही जमत त्या माइकसमोर,” एवढंच आत्याला म्हणाले.

आत्या आली. ती होड्यांना रंग देते, त्यामुळे तिची नखं कायम निळी. हॉल दुसऱ्या मजल्यावर होता आणि आत्या खिडकीला चिकटून उभी राहून मला बोटांनी दगड दाखवत होती. तीन बोटं. अजून तीनच.

माझ्यामागे पाचव्या नंबरवर काठीवाले आजोबा होते. मी हळूच म्हटलं, “आजोबा, माझ्याआधी बोलता?”

“माझं काय, एका मिनिटाचं काम. बाकांना पाठ हवी, एवढंच सांगायचंय.”

“एका मिनिटात नका ना सांगू. जरा सविस्तर सांगा.”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “होडीवाल्याची ना तू? बघतो.”

आणि आजोबा उभे राहिले ते आपल्या मणक्यापासून सुरू झाले. मग गुडघे. मग बाकाची उंची, रुंदी, लाकूड की लोखंड, उन्हात लोखंड कुठे कुठे चटके देतं. हॉल हसून लोळत होता. अध्यक्ष तीनदा म्हणाले, “आजोबा, आटपा.” मी मात्र हसू शकत नव्हते. घड्याळात चार चाळीस. आत्याची बोटं चार.

मग माझं नाव पुकारलं. आता पुढे ढकलायला कोणी उरलंच नव्हतं.

मी माइक धरला. “मी या आराखड्याच्या बाजूने आहे,” मी म्हटलं. आत्याने कपाळावर हात मारला. “खरंच आहे. मला तिथे चालायचंय. पण आमचा उतार नकाशात दाखवायचा राहिलाय.”

“त्याची पाहणी झाली आहे,” अध्यक्ष वही चाळत म्हणाले.

“दुपारी एकला झाली! बाबा तेव्हा जेवायला जातात. जाताना उताराच्या तोंडावर फळ्या टाकतात, फुटपाथवरून जाणारं कोणी आत पडू नये म्हणून. वरून फळ्या, खालून भरती. दिसणार काय? सुटीच्या दिवशीही फळ्या असतात. चालणाऱ्यांसाठीच टाकतात हो ते!”

अध्यक्षांच्या शेजारी आतापर्यंत मान खाली घालून बसलेल्या नकाशावाल्या बाईंनी वर पाहिलं. “सर्वेक्षण आम्ही सुटीच्याच सकाळी केलं,” त्या सावकाश म्हणाल्या. “रस्त्यावर गाड्या नसतात म्हणून.”

“तेव्हा भरती होती का?”

त्या नकाशाच्या कोपऱ्यातली तारीख शोधू लागल्या. तेवढ्यात आत्याने अख्खा पंजा वर केला.

“पाच!” मी माइकमध्येच ओरडले. “खिडकीतून बघा ना, प्लीज!”

सगळे खिडकीकडे धावले. खाली पाण्यातून शेवाळलेले दगड वर आले होते, पण बाबांनी आज दुकान उघडलं नव्हतं, वरच्या तोंडावर फळ्या तशाच. शेजारी बाबा, हाताची घडी घालून. चार पन्नास.

“दादा!” आत्या खिडकीतून गरजली. “अरे, फळ्या काढ की!”

बाबांनी वर पाहिलं. मी दोन्ही हात हलवले. मग ते वाकले. एक फळी. दुसरी. तिसरी. आणि दुकानापासून पाण्यापर्यंत आमचा उतार लख्ख दिसायला लागला.

नकाशावाल्या बाई नकाशाची गुंडाळी घेऊन जिना उतरल्या, मागे मी. त्या उतारावर चार पावलं गेल्या आणि घसरून गुडघ्यापर्यंत पाण्यात. बाबांनी दंड धरून वर ओढलं.

“पायऱ्यांची रांग इथे तोडता येईल,” त्या बुटातलं पाणी ओतत म्हणाल्या. “पण होडी वर येताना चालणारी माणसं थांबतील का?”

मी तोंड उघडणार होते. बाबांनी हात करून मला अडवलं.

“थांबतात,” ते म्हणाले. “रोज थांबतात. निम्मे तर दोरीला हात लावतात. माणसं नसती तर मी एकटा काय ओढणार होतो?”

बाईंनी नकाशा माझ्या पाठीवर पसरला आणि पेन्सिल चालवली. ती मला शर्टातून जाणवली, दोन आडव्या रेघा, उताराच्या दोन कडा.

“पेनाने काढा ना,” मी म्हटलं. “पेन्सिल पुसता येते.”

“तुमची मुलगी नेहमी अशीच का?” बाईंनी बाबांना विचारलं.

“हल्लीच झालीय,” बाबा म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. “पळा आता. वही बंद व्हायला पाच मिनिटं आहेत.”