खिडकीकडचा किनारा

मित्रांनो, मी एक जुनं बेट आहे. बेट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे लाटा आल्या असतील, तर त्या आधी बाजूला सारा. माझ्याभोवती पाणी नाही. मी एका प्रवासी कार्यालयातल्या टेबलावर राहतो. माझं अंग प्लास्टरचं, हाडं तारेच्या जाळीची, आणि माझा समुद्र म्हणजे निळ्या रंगाचे दोन हात. खरं बेट इथून फार लांब, गरम प्रदेशातल्या समुद्रात आहे. त्याची आणि माझी कधी भेट झालेली नाही. तरी त्याची ओळख लोकांना मीच करून देत आलो.

मला घडवलं ते इमारतींचे नमुने बनवणाऱ्या एका कारागिराने. पुठ्ठ्याचे मजले आणि प्लास्टिकच्या खिडक्या चिकटवण्यात त्याचा जन्म गेला होता. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. समोर एक नकाशा ठेवून त्याने माझा डोंगर उचलला, ओढे कोरले, एका किनाऱ्याला चाळलेली वाळू चिकटवली आणि दुसऱ्या किनाऱ्याला बारीक खडी. नारळाची झाडं तारेची केली आणि त्यांच्या डोक्यावर हिरव्या लोकरीचे झुबके बसवले. हॉटेलं म्हणजे लाकडाचे ठोकळे. त्यांच्या छपरांवर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत नावं. सगळं झाल्यावर त्याने बायकोला बघायला बोलावलं.

"पाणी जरा जास्तच निळं झालंय," ती म्हणाली.

"गिऱ्हाइकाला निळंच लागतं," तो म्हणाला. माणूस समुद्राला नवखा होता, पण गिऱ्हाइकाला नव्हता.

पुढची बरीच वर्षं माझी चलती होती. कार्यालयाचे मालक लोकांना माझ्याभोवती उभं करायचे आणि हातातल्या पट्टीने बेट दाखवायचे. ते स्वतः तिकडे एकदाही गेले नव्हते. त्यांना बोटीत उलट्या होतात आणि विमानात भीती वाटते. सगळा कारभार उंटावरून शेळ्या हाकण्याचा, पण हाकायचे झकास. लोक यायचे, आधी हॉटेलवरून भांडायचे आणि मग स्थळदर्शनावरून. जिथे जायचं तिथे टाचणीला लावलेला कागदी झेंडा रोवायचा, अशी इथली पद्धत होती. सकाळी धबधबा, दुपारी दीपगृह, मध्ये बाजार, संध्याकाळी कासवांची वाळू. माझ्या पाठीवर झेंड्यांची अशी दाटी व्हायची, की ही माणसं बेटावर निवांत बसणार कधी, याची मलाच काळजी लागायची.

आता या कार्यालयाची एक खोड सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. बेटावरच्या हरेक हॉटेलाच्या नावात 'निळं' काहीतरी आहेच. निळी लाट, निळा किनारा, निळी सकाळ. फोनवर नावांचा हमखास गोंधळ व्हायचा. म्हणून इथली माणसं नावं घेईनाशी झाली. माझी जी बाजू खिडकीकडे होती, तिथलं हॉटेल ते 'खिडकीकडचं'. पलीकडचं ते 'दाराकडचं'. डोंगर 'कपाटाकडचा'. खिडकीकडे वाळू आणि गुडघाभर शांत पाणी. दाराकडे खडक आणि फुटणाऱ्या लाटा. त्या खडकांवरच्या हॉटेलाचंच नाव 'निळा किनारा'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ते असं.

माझं कौतुक वाढलं तसे माझे नारळ कमी होऊ लागले. लहान मुलं ते उपटायची आणि मोठी माणसं त्यांच्यावर ओरडत स्वतः डोंगर दाबून बघायची. मालकांनी मग माझ्यावर काचेची पेटी घातली आणि तिच्यावर पाटी लावली: 'हात लावू नये.' मला वाटलं, चला, आपण मौल्यवान झालो.

पण काचेत गेलेल्या वस्तूकडे लोक एकदा बघतात आणि पुढे जातात. त्यातच कार्यालयात मोठा पडदा आला. त्यावर हॉटेलांचे फोटो हलायचे आणि समुद्राचा आवाजही यायचा. माझ्या झाकणावर आधी फायली आल्या, मग चहाचे कप. कपाच्या बुडाची गोल खूण नेमकी धबधब्यावर पडली होती. मला वाईट वाटायचं. वाईट वाटून घेण्याशिवाय प्लास्टरला दुसरं येतं काय?

अशा दिवसांत काका आले. काका एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं. सोबत मुलगा आणि सून होती. तिघांची बेटावर सुट्टीला जायची बोलणी चालली होती. मालक पडद्यावर खोल्या दाखवत होते.

"बाबा, खोली मस्त आहे. पांढऱ्याशुभ्र चादरी, मोठा आरसा," मुलगा म्हणाला.

"आरसा तुम्ही वापरा," काका म्हणाले. "खोलीपासून पाणी किती लांब आहे, ते विचार."

"लांब असलं तरी काय झालं? मी धरून नेईन की तुम्हाला."

"तेच तर नकोय."

काकांनी मग सरळच सांगून टाकलं. "हे बघ, मला सगळ्यांनी आयुष्यभर धरून नेलंय. शाळेत धरून, नोकरीला धरून. लग्नातसुद्धा धरूनच उभं केलं. कुणाची तक्रार नाही. पण एकदा मला माझं मी चालत समुद्रापर्यंत जायचंय. मध्ये गाड्यांचा रस्ता नको, जिना नको. येताना धरा हवं तर."

मुलगा हसला. सून हसली नाही. तिने नुसती पर्स या हातातून त्या हातात घेतली. तिकिटांच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी हे ऐकलं. त्यांना सगळे ताई म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेले मालकही. ताई उठल्या, माझ्यावरचे कप आणि फायली उचलून खिडकीत ठेवल्या.

"काका, इकडे या. या खुर्चीत बसा. पाठ खिडकीकडे."

"पुढे काच आहे ना? आणि काचेवर कागद. काही लिहिलंय?"

"लिहिलंय. तुमच्यासाठी नाही ते," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी झाकण उचललं.

मित्रांनो, मला आजवर हजारो माणसांनी पाहिलं होतं, पण वाचलं नव्हतं. काकांची बोटं माझ्यावरून सावकाश फिरली. डोंगर उजव्या हाताला. ओढा इकडे येतो. हे हॉटेल. त्याच्या दारातून नारळांची दुहेरी रांग, मग वाळू, मग गुळगुळीत रंगाचा समुद्र थेट त्यांच्या पोटाशी. त्यांनी हॉटेलापासून पाण्यापर्यंत बोट चालवलं, परत नेलं, परत चालवलं.

"हे," ते म्हणाले. "इथेच."

"खिडकीकडचं," ताईंनी मनाशी नोंदवलं.

त्यानंतर काका अभ्यासाला येऊ लागले. सून त्यांना दारात सोडून बाजारात जायची. ते आपल्या खुर्चीत बसून झाकण काढायचे आणि परीक्षा जवळ आलेल्या मुलासारखे तोच रस्ता घोकायचे. मालकांना ते फारसं रुचलं नाही. रंग उडेल, म्हणायचे. ताई "हो, बघते" म्हणायच्या आणि बघायच्या नाहीत.

मग कार्यालयाला रंग काढायचं ठरलं. मालक म्हणाले, "ही अडगळ या निमित्ताने काढून टाकू." ताई म्हणाल्या, "काकांचं जाणं होईपर्यंत राहू दे, साहेब." मी वाचलो. रंगाऱ्यांनी मला टेबलासकट बाहेर नेलं आणि भिंती वाळल्यावर परत आणून ठेवलं. पण माझं पोट कुठे आणि पाठ कुठे, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी मला बरोबर उलटं ठेवलं. खिडकीकडे खडक आले आणि दाराकडे वाळू गेली.

ताई तेव्हा घरी होत्या. त्यांच्या मुलाला ताप होता. त्यांनी मालकांना फोन केला. "साहेब, त्या काकांचं खिडकीकडचं आजच नक्की करा. सुट्टीचे दिवस आहेत, खोल्या भराभर जातायत."

मालक उठले, चष्मा लावून खिडकीशी आले, वाकले आणि तिथल्या छपरावरचं नाव वाचलं: 'निळा किनारा.' लगेच दोन खोल्या सांगून मोकळे झाले. काम त्यांनी तत्परतेने केलं, एवढंच दुर्दैव. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही. मुलाकडे कागद गेला तेव्हा तोही खूश झाला. नावातच किनारा, अजून काय पाहिजे?

निघायला थोडेच दिवस उरले तेव्हा काका, रंगकामानंतर पहिल्यांदाच, शेवटची उजळणी करायला आले. त्या दिवशी मुलगा-सूनही सोबत थांबले होते. काका खुर्चीत बसले, त्यांनी झाकण काढलं, हात ठेवले आणि ते थांबले.

"ताई," ते म्हणाले, "डोंगर हलला."

मालक हसले. "काका, डोंगर कसा हलेल?"

"मग मी हललो असेन. खुर्ची तीच आहे ना? पाठ खिडकीकडेच आहे ना? डोंगर माझ्या उजव्या हाताला होता, तो डाव्या हाताला आलाय. आणि जिथे वाळू होती, तिथे खडे लागतायत."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग मालकांकडे. "साहेब, तुम्ही खोल्या कुठल्या सांगितल्या?"

मालकांनी नाव सांगितलं आणि सांगता सांगताच त्यांचा चेहरा उतरला. हातच्या काकणाला आरसा कशाला. चूक काकांच्या हाताखालीच होती.

ताईंनी 'निळी लाट'ला, म्हणजे वाळूवरच्या हॉटेलाला, फोन लावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काका बघत नव्हते. त्यांची बोटं खड्यांवर होती आणि हलत नव्हती. ताईंनी फोन ठेवला.

"एकच खोली आहे. तळमजल्याची, एका माणसाची. बाकी भरलंय."

"जाऊ द्या हो," मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला. "बाबा, समुद्र काय, सगळीकडे सारखाच. मी तुम्हाला खडकांवरून अलगद नेतो."

काकांनी खड्यांवरची बोटं उचलून घेतली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आणि ते चहाच्या कपाच्या डागासारखं नव्हतं.

"एका माणसाची म्हणजे किती माणसांची?" सुनेने विचारलं.

"एकाच," ताई म्हणाल्या.

"मग बाबांना द्या ती. आम्ही दोघं दाराकडे राहतो. रोज सकाळी गाडी करून मी चहाला येईन."

"अगं, एकटे? त्यांना दिसत नाही!" मुलगा म्हणाला.

"ते त्यांना माहीत आहे," सून म्हणाली.

काका मोठ्याने हसले. "आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात. डोळ्यांचं मला माहीत नाही बाबा, पण मी रस्ता मागितला होता, मला खोलीसकट मिळाला." मग ताईंनी आणि मालकांनी मला धरून परत सरळ फिरवलं, आणि काकांनी वाळूवरून एकदा बोट चालवून खात्री करून घेतली.

ते गेले. ते दिवस मी कसे काढले, ते मलाच माहीत. डोंगर चुकला तर? नारळांची रांग तिथे नसलीच तर? ज्याने मला घडवलं त्याने समुद्र पाहिला नव्हता, आणि एक माणूस माझ्या भरवशावर पाऊल टाकणार होता. आयुष्यभर माझं कौतुक झालं, पण भरवसा कुणी ठेवला नव्हता. कौतुकापेक्षा तो फार जड असतो.

परत आल्यावर काका सुनेबरोबर आले. नाक सोललं होतं, उजवा गुडघा खरचटला होता. खुर्चीत बसून त्यांनी झाकण काढलं आणि हॉटेलाच्या दारावर बोट ठेवलं.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "नारळ बरोबर, उतार बरोबर. फक्त नारळ संपून वाळू लागते ना, तिथे एक पायरी आहे. ती यात नाही."

"अरे देवा. मग?"

"मग काय, पडलो. सपशेल."

ताईंनी कपाळाला हात लावला. काका मात्र खुशीत होते. "ताई, गंमत सांगू? कुणी धावत आलं नाही. मी पडलोय हे कुणाला कळलंच नाही. वाळूत बसून राहिलो थोडा वेळ. मग माझा मी उठलो, गुडघा झटकला आणि निघालो. आणि थोड्या वेळाने पाणी पायाला लागलं."

सून खिडकीतून बाहेर बघत होती. ताईंनी खणातून काडेपेटी काढली, एका काडीचं डोकं मोडलं आणि तिला सरस लावला.

"कुठे, काका? इथे?"

"जरा अलीकडे. हां, बरोबर."

मित्रांनो, या गोष्टीलाही आता बरेच दिवस झाले. झाकण कपाटावर पडून असतं. पाटी मालकांनी स्वतः काढली, अडगळीचा विषयही पुन्हा काढला नाही. काका अजून येतात, आणि येताना कधी दुसऱ्या कुणा न दिसणाऱ्याला घेऊन येतात. माझा रंग उडतो आहे, नारळ विरळ झाले आहेत, डोंगराचं टोक झिजलं आहे. काचेत होतो तेव्हा मी जास्त देखणा होतो, यात वाद नाही.

पण जपणं म्हणजे झाकून ठेवणं नव्हे, हे मला या वयात कळलं. तुमच्या घरीही काही वस्तू काचेआड असतील, आणि काही माणसं तुम्ही दंडाला धरून जपत असाल. कधीतरी झाकण काढा, कधीतरी दंड सोडा. आणि या बाजूला आलात तर माझ्याकडे नक्की या, बिनधास्त हात लावा. फक्त खिडकीकडच्या किनाऱ्यावर बोट जरा सांभाळून चालवा. तिथे एक पायरी आहे.