बबनरावांचं सरासरी मौन

गावात कुणीही गेलं की घाटावरची शोकसभा बबनराव घेतात. चिता पेटली की ते पुढे येतात, खाकरतात आणि गेलेला माणूस किती मनमिळाऊ होता ते सांगतात. मनमिळाऊ नसलेला माणूस या गावात आजवर मेलेला नाही. मग आणखी चार-पाच जण बोलतात. पुढच्या निवडणुकीला उभे राहणारे सगळे त्यात येतात. शेवटी बबनराव दोन मिनिटं मौन जाहीर करतात. लोक माना खाली घालतात आणि आपल्या चपला नीट दिसायच्या आत बबनराव 'ओम शांती' म्हणून मोकळे होतात.

लीलाबाई गेल्या तेव्हाही हेच झालं. भाषणं पाऊण तास चालली. त्यांना कधी न पाहिलेले एक माजी सभापती त्यांच्या आठवणींनी गहिवरले. मौन मात्र सुरू झालं म्हणेपर्यंत संपलं आणि लोक गाड्या सुरू करायला लागले.

नानाजी, म्हणजे लीलाबाईंचे यजमान, त्यांनी भाषणांचं मनावर घेतलं नाही. मौनाचं घेतलं. जन्मभर बाई कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती, आणि गावाला तिच्यासाठी दोन मिनिटं गप्प राहता येऊ नये? तेरवी झाल्यावर ते बबनरावांकडे गेले आणि वर्षश्राद्धाला तरी पूर्ण दोन मिनिटं द्या म्हणाले. बबनरावांनी चहा पाजला.

"दोनच मिनिटं होते ते, नानाजी. दुःखात टाइम कमी वाटते माणसाले."

नानाजींचा अनुभव उलटा होता. त्यांच्या घरात सकाळचे दहा वाजता वाजत नव्हते. पण दुःख झाल्याचा पुरावा नसतो, मौनाचा तरी असू द्यावा म्हणून ते बबनराव बोलतील त्या प्रत्येक मयतीला जाऊ लागले. मान खाली, हात पोटावर, हातात मोबाईल, मोबाईलवर स्टॉपवॉच. बायको गेल्यापासून माणूस किती हळवा झाला, असं लोक म्हणू लागले.

घरी आले की ते आकडा सुनेला सांगायचे. अर्पिताचं जवळच्या ढाणकी गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. तिने एक्सेलमध्ये शीट केली होती. सतरा सेकंद झाले की ती मौनाच्या रकान्यात ०:१७ टाकायची. वर्ष भरत आलं तेव्हा नानाजींनी तिला सगळ्याचे सेकंद करून एकच सरासरी काढायला सांगितली. बबनरावांना एक आकडा दाखवला की बास. अर्पिताने मोबाईलवर रीत शोधली. एक्सेल अख्ख्या दिवसाला एक धरतं आणि दिवसात शहाऐंशी हजार चारशे सेकंद असतात, म्हणून वेळेला तेवढ्याने गुणायचं. तिने गुणलं, सरासरी काढली, प्रिंट मारली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. नानाजींनी चष्मा न लावताच कागदाची घडी केली आणि चहाच्या टपरीवर, चारचौघांत, बबनरावांच्या हातात दिली.

बबनरावांनी मोठ्याने वाचलं. सरासरी मौन, एक हजार चारशे चाळीस सेकंद. बाकावरच्या मास्तरांनी साठाने भागून चोवीस मिनिटं सांगितली. बबनराव गप्प झाले. त्या वर्षातलं त्यांचं सर्वांत लांब मौन ते हेच. मग उठून त्यांनी नानाजींना मिठी मारली.

"मी इतकं करून राह्यलो, हे मलेच माहीत नव्हतं, नानाजी."

अर्पिताला चूक त्याच दिवशी सापडली.

"मामाजी, मी शून्य-सतरा टाकलं, त्यानं ते शून्य तास सतरा मिनिटं धरलं. तासाचंही शून्य टाकाले पाह्यजे होतं."

तिने सगळे आकडे दुरुस्त केले. सरासरी चोवीस सेकंद आली. तो कागद घेऊन नानाजी निघाले तोवर चौकात बॅनर लागलं होतं. बबनराव हात जोडून उभे आणि खाली, 'सरासरी चोवीस मिनिटे मौन पाळणारे संवेदनशील नेतृत्व'. चोवीस मिनिटं उभं राहिल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं. पण कॉम्प्युटरवर निघालं म्हटल्यावर कुणी शंका घेतली नाही. दोघा-तिघांचे तर पायसुद्धा दुखू लागले. बबनरावांनी नवा कागद पाहिला आणि परत केला. पहिला कागद कॉम्प्युटरचा होता, म्हणाले, हा तुमच्या सुनेचा आहे.

वर्षश्राद्धाला मांडव भरला. कापूस वेचणीचे दिवस, सगळ्यांना शेतात परतायची घाई. बबनराव पांढराशुभ्र सदरा घालून आले आणि खाकरले. तेवढ्यात नानाजी उठले.

"बबनराव, भाषण नको मले. बॅनरवर लिहून हाये तेवढं मौन द्या फक्त."

मांडवातले सगळे बबनरावांकडे पाहू लागले. त्यांना नाही म्हणता येईना. लोक उभे राहिले. नेहमीची वेळ झाली तशा सवयीने माना वर आल्या, बबनरावांचं तोंड 'ओम'साठी उघडलं आणि मिटलं. पूर्ण दोन मिनिटं झाली. वाढपी भाताचं घमेलं धरून ताटकळत होते. बबनरावांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ते पुन्हा पुन्हा नानाजींकडे पाहत होते.

नानाजींना हवं ते मिळालं होतं. आता बसा म्हणावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर आवाज निघेना. वर्षभर कुणासमोर न आलेलं रडू नेमकं तिथे येऊन बसलं होतं. थांबवणारा माणूस तो एकच, आणि तोच थांबवू शकत नव्हता. म्हणून अख्खा मांडव उभा राहिला. घाईतले लोक हळूहळू खरोखरच गप्प झाले.

शेवटी अर्पिताने त्यांचा हात धरला.

"बसा मामाजी. लोकं उपाशी हायेत, आत्याबाई असत्या तर रागावल्या असत्या."

नानाजी बसले, तसे सगळे बसले. पंगतीत बबनराव त्यांच्या शेजारी येऊन टेकले आणि पोटऱ्या चोळत राहिले. नानाजींनी वाढप्याला बोलावलं आणि त्यांच्या पानात वरण वाढायला सांगितलं.