हाडातली किरकिर

२००१ च्या मे महिन्यात ग्लोरियाचे चुलते वारले, तेव्हा त्यांना पुरण्यासाठी पाचूबंदरच्या दफनभूमीत तिच्या आजोबांची आणि आईची जुनी कबर पुन्हा उघडली. ग्लोरियाचा भाऊ ॲन्सेल्म आत उतरून हाडं वर देत होता.

आईच्या मांडीचं हाड हातात आलं आणि ग्लोरिया चपापली. त्याला वजनच नव्हतं. नुसतं धरलं तर अंगठा आत गेला. आत सगळी जाळी.

"किडे लागले असतील," ॲन्सेल्म म्हणाला.

"मंग आजोबांचं दगडासारखं कसं?"

त्या दिवसापासून तिला ऐकू येऊ लागलं. दुपारी वाळत घातलेल्या बोंबलांच्या राखणीला एकटी बसली, की मनगटातून किरकिर, वाशाला भुंगा लागावा तशी. आठवड्याभरात मासळीची पाटी उचलताना तेच मनगट मोडलं. ना पडली, ना आपटली. वय अवघं अडतीस.

आचोळ्याच्या डॉक्टर स्वप्ना यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडाच्या जागी धुकं दिसत होतं.

"गर्भाची पिशवी काढली तेव्हा अंडाशयंही काढली का?"

"हां. चार वर्सं झाली. आयची पन याच वयात काढलेली."

"अंडाशयातलं इस्ट्रोजेन हाडाच्या पेशींत शिरतं. तिथली काही जनुकं चालू करतं, काही बंद. जनुकं म्हणजे पेशीनं काय बनवायचं, याचे हुकूम. हाडात बांधणाऱ्या पेशी असतात, तशा कुरतडणाऱ्याही असतात. इस्ट्रोजेन असलं की कुरतडणाऱ्यांना आवर घालणारे हुकूम सुटतात. ते गेलं की त्या मोकाट होतात."

"म्हंजे खानारं बाहेरचं कोन नाय?"

"नाही. तुमचंच आहे."

ग्लोरियानं प्लास्टरमधला हात छातीपासून दूर धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"मला ऐकायला येतं, डॉक्टर."

"पेशींचा आवाज येत नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि गोळ्या लिहून देऊ लागल्या. "गेलेलं सगळं भरून येणार नाही. पण झीज थांबेल."

नाताळपर्यंत हात बरा झाला. किरकिरही थांबली.

एका रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेत सगळ्यांनी गुडघे टेकले. देऊळ शांत झालं आणि आवाज पुन्हा आला. ग्लोरियानं मनगट कानाशी नेलं. ते गप्प होतं. आवाज पुढच्या बाकावरून येत होता. तिथं लुईझा होती, चाळिशीची, गेल्या लेंटच्या उपवासात पिशवी काढून आलेली.

मिस्सा संपताच ग्लोरियानं तिला गाठलं. "उद्या माझ्यासंगं आचोळ्याला चल."

लुईझानं आपलं मनगट दुसऱ्या हातानं झाकून विचारलं,

"तुला पन ऐकायला येतं?"