मोकळा राहिलेला शब्द

खुर्शीदनं विळीवर बांगड्याचं डोकं उडवलं आणि ओठातल्या ओठात म्हटलं, "टॅसिटर्न. अबोल. अयूब गाडीवान."

तांदूळ निवडणारी नणंद रझिया हसली. इंग्रजी शब्द लक्षात राहावा म्हणून खुर्शीद तो मोहल्ल्यातल्या कुणाला तरी देऊन टाकायची. माणूस आठवला की अर्थ आठवे.

"आणि ऑब्स्टिनेट?"

खुर्शीदनं नुसतं आतल्या दाराकडे पाहिलं. हट्टी. आत सासू होती. नात्यानं सख्खी आत्या, म्हणून फुफू. रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेला इंग्रजीची बाई हवी होती. तोंडी परीक्षा आजच होती. "आमची सून नोकरीला जायाची नाय," एवढं बोलून फुफूनं अबोला धरला होता. नवरा नझीर आगबोटीवर, आणि त्याचं मत आईच्या पदराला बांधलेलं.

"मॅग्नॅनिमस कुणाला दिलास?"

"मोकळाच हाय. मोठ्या मनाचा."

"मग ऱ्हायचा मोकळाच," रझिया म्हणाली. "ह्या मोहल्ल्यात नाय कोण तसा."

दुपारी खुर्शीद चप्पल हातात घेऊन गुपचूप परीक्षेला निघाली. अयूबची गाडी उभी होती. गाडीत, दुखरे गुडघे आवळून, फुफू आधीच बसली होती.

"चढ. माझं म्हणणं तेच हाय. पन आमची सून नापास झाली, असं लोकांनी म्हणायला नको."

शाळेत सुरुवातीचे शब्द जमले. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मॅग्नॅनिमस. अर्थ नको, वाक्य करा."

एकही चेहरा समोर येईना. खुर्शीदची नजर खिडकीबाहेर गेली. गाडीच्या सावलीत फुफू डोळे मिटून बसली होती. ओठ हलत होते, बोटांखालून तसबीहचे मणी सरकत होते.

"माझ्या सासूला ही नोकरी पसंत नाही," खुर्शीद सावकाश इंग्रजीत म्हणाली, "आणि ती बाहेर माझ्यासाठी दुवा मागते आहे. शी इज मॅग्नॅनिमस."

मुख्याध्यापिकांनी वळून खिडकीबाहेर पाहिलं.

"सोमवारपासून या."

परतताना खाडी दिसू लागली तशी फुफूनं विचारलं,

"रझिया सांगत होती, तू सगळ्यांना शब्द वाटलेस. मला कुठला?"

"हट्टी. आज बदलला."

"आता काय?"

खुर्शीदनं सांगितलं, अर्थासकट. फुफूनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला, अर्ध्यावरच अडला. तिनं बुरखा सारखा केला.

"बरा हाय. पन जुना काढून टाकू नको गो," ती म्हणाली. "नझीर घरी येऊन नोकरीला नाय म्हणाला, तर तोच लागेल."

पुढे बसलेला अयूब दिवसभरात पहिल्यांदाच खाकरला, आणि हसला.